लहान गाव, बाबागाडी आणि ऑफलाइन नकाशा: ‘ऑरगॅनिक मॅप्स’चं परीक्षण

लहान गाव पायी बघायचं आणि सोबत चार वर्षांचं पोर, बाबागाडीतलं बाळ किंवा गुडघे दुखणारी आजी आहे, अशा वेळी नकाशाकडून लागणाऱ्या गोष्टी पार बदलतात. सगळ्यात जवळची वाट कोणती, हा प्रश्न मागे पडतो. वाटेत पायऱ्या किती, टेकायला बाक कुठे, स्वच्छतागृह किती लांब, आणि मध्येच कुणी ‘आता पुरे’ म्हटलं तर मुक्कामावर परतायचं कुठून, हे आधी कळायला हवं. या कामाला ‘ऑरगॅनिक मॅप्स’ हे मोफत ॲप मी पहिल्या पसंतीचं मानतो. पण एका अटीवर. त्याच्याकडे नकाशा म्हणून बघायचं, वाटाड्या म्हणून नाही. नकाशा फार चांगला आहे. त्याने काढून दिलेली वाट आणि सांगितलेली वेळ मात्र एकट्या, धडधाकट माणसाच्या मापाची असते. चार जणांच्या कुटुंबाने ती जशीच्या तशी उचलली की दमछाक ठरलेली.

हे ॲप ‘ओपनस्ट्रीटमॅप’च्या माहितीवर चालतं. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा खुला नकाशा जगभरातले स्वयंसेवक भरत आले आहेत. लहान गावासाठी याचा मोठा फायदा होतो. धंद्यासाठी बनवलेल्या नकाशात गाडीचा रस्ता आणि दुकानं नीट असतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक तिथे असतं. दोन घरांमधला जेमतेम खांदाभर रुंदीचा बोळ, त्याच्या टोकाला असलेल्या सतरा पायऱ्या, वरच्या चौकातला पिण्याच्या पाण्याचा नळ आणि त्याच्या बाजूचा पाठ नसलेला बाक, या गोष्टी नकाशात घालाव्यात असं तिथे चालणाऱ्या माणसालाच वाटतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये या प्रत्येक गोष्टीसाठी नोंदीची सोय आहे, अगदी पायऱ्यांची संख्या, कठडा आणि बाबागाडीचा उतार यांच्यासकट. कुणी नोंद केली असेल तरच ती असते, हे उघड आहे, आणि या ॲपची सगळी ताकद आणि सगळी कमजोरी याच एका गोष्टीतून येते.

ॲपची पार्श्वभूमी थोडक्यात. ‘मॅप्स डॉट मी’ नावाचं ऑफलाइन नकाशांचं ॲप २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेलं. त्याच्या खुल्या, म्हणजे कुणालाही घेऊन वापरता येणाऱ्या कोडवरून, मूळ बनवणाऱ्यांपैकी काहींनी मिळून ‘ऑरगॅनिक मॅप्स’ काढलं आणि ते २०२१ पासून सगळ्यांना मिळू लागलं. जाहिराती नाहीत, नाव-नोंदणी नाही, आपण कुठे फिरतो त्याची नोंद ठेवणं नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. २०२५ मध्ये त्याच कोडमधून ‘कोमॅप्स’ नावाचं आणखी एक ॲप फुटून निघालं. दोन्हींची घडण बरीचशी सारखी असल्यामुळे पुढे लिहिलेलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

निघायच्या आदल्या रात्री

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ॲपमध्ये जगाचा ढोबळ नकाशा आधीपासून असतो. त्यात गावाचं नाव दिसतं, मोठे रस्ते दिसतात, आणि ‘नकाशा आहे’ असं वाटून जातं. प्रत्यक्षात गल्ल्या दिसण्यासाठी त्या प्रदेशाचा सविस्तर नकाशा वेगळा उतरवून घ्यावा लागतो. मेनूमधून नकाशांच्या यादीत जायचं, देश निवडायचा, मग प्रदेश. एकेका प्रदेशाचा आकार काही दहा एमबीपासून दोन-तीनशे एमबीपर्यंत असू शकतो, म्हणून वायफाय असतानाच हे उरकावं.

गाव दोन प्रदेशांच्या हद्दीवर असेल तर दोन्ही नकाशे घ्या. पुष्कळ गावं नदीकाठी असतात आणि पुष्कळ हद्दी नदीवरूनच जातात. अशा वेळी अलीकडच्या काठावर घरन्‌घर दिसतं आणि पलीकडे नुसता पांढरा कागद. पूल ओलांडून जाणारी वाट मागितली की ॲप दुसरा नकाशा उतरवायला सांगतं, आणि नेमकं तेव्हा नेटवर्क नसतं. आधी उतरवलेला नकाशा जुना असेल तर तोही अद्ययावत करून घ्या.

मग परीक्षा घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, गावाचं नाव शोधा, आणि स्टेशन किंवा बसथांब्यापासून मुक्कामापर्यंत पायी वाट काढून बघा. वाट निघाली, गल्ल्यांची नावं दिसली, तर तयारी झाली. दोन मिनिटांचं काम आहे, पण काय राहिलंय ते घरीच कळतं.

शोधण्याबद्दल एक सूचना. ऑफलाइन शोध एखाददुसऱ्या अक्षराची चूक चालवून घेतो, पण गावच्या लिपीतलं नाव आणि आपण ऐकलेलं नाव यांत फार अंतर असेल तर तो हात टेकतो. घर क्रमांक तर कित्येक गावांच्या नकाशात नसतातच. म्हणून मुक्कामाच्या जागेचे अक्षांश-रेखांश यजमानांकडून आधीच मागवून ठेवा. ते आकडे शोधाच्या चौकटीत चिकटवले की ॲप थेट त्या बिंदूवर जातं. तिथे बोट दाबून धरा, जागा जतन करा, आणि तिला ‘मुक्काम’ असं साधं नाव द्या. घाईत वाचायला तेच बरं पडतं.

टिंब उड्या मारतं तेव्हा

फोनमधल्या जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे खरं. पण इंटरनेट नसेल तर पहिलं स्थान सापडायला वेळ लागतो, हेही तितकंच खरं. नेट असताना फोन उपग्रहांच्या जागांची माहिती नेटवरूनच उचलतो. नेट नसेल तर ती उपग्रहाच्या संदेशातून घ्यावी लागते. एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणजे नेट नसलेल्या गावात बसमधून उतरल्याबरोबर बोळात शिरून फोन उघडला आणि नकाशावर आपलं स्थान दाखवणारं टिंब सापडेना, तर फोन बिघडलेला नाही. मोकळ्या आकाशाखाली, चौकात किंवा पुलावर, एक-दोन मिनिटं थांबा. मुलांना पाणी पाजायची वेळ तीच.

उघड्यावर फोनचं स्थान साधारण ५ मीटरच्या आत बरोबर असतं. अरुंद बोळात ते बिघडतं. दोन्ही बाजूंना तीन मजली भिंती आहेत, वर आकाशाची पट्टी आहे. उपग्रहाचा संदेश समोरच्या भिंतीवर आपटून फोनपर्यंत येतो, थोडा उशिरा येतो, आणि फोनला वाटतं आपण आणखी लांब आहोत. टिंब शेजारच्या समांतर गल्लीत जाऊन बसतं. चालू वाट दाखवण्याच्या स्थितीत असाल तर ॲप लगेच नवीन वाट काढतं, ती मागे वळायला सांगते, चार पावलांवर टिंब परत येतं, आणि पुन्हा नवीन वाट निघते. या गोंधळात कुटुंब दोनदा मागे-पुढे होतं आणि मुलांचा धीर तिथेच सुटतो.

यावर उपाय एकच. ‘सुरू करा’ दाबूच नका. वाट काढा, नकाशावर तिची रेघ दिसू द्या, आणि तेवढ्यावरच थांबा. मग प्रत्येक तिठ्याला किंवा चौकाला नकाशा बघा. चौकाला किती फाटे आहेत ते मोजा, कोणता फाटा रुंद आहे ते बघा, तोच आकार नकाशात शोधा. तीन फाटे, त्यातला डावा लगेच वळतो, उजवीकडे उघडी जागा, इतकं जुळलं की टिंब कुठेही असो, आपण कुठे आहोत हे पक्कं झालं. बॅटरीही वाचते, कारण वाट दाखवण्याच्या स्थितीत स्क्रीन सतत पेटलेली राहते आणि बॅटरी खाण्यात स्क्रीनच सगळ्यात पुढे असते.

आपलं स्थान दाखवणारं बटण एकदा दाबलं की नकाशा आपल्यावर येतो, पुन्हा दाबलं की आपण तोंड करू त्या दिशेने फिरतो. दुसरी सोय मुलांना समजायला सोपी, पण फोनचं होकायंत्र लोखंडाजवळ फसतं. लोखंडी पूल, उभ्या गाड्या, फोनच्या कव्हरमधलं चुंबक, यांपैकी काहीही पुरतं. बाण उलटसुलट फिरत असेल तर जरा बाजूला होऊन फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तीन-चार वेळा फिरवा. तरीही सुधारलं नाही तर उत्तर वर ठेवून नकाशा वाचा.

चढ, पायऱ्या आणि दगडी फरशी

कुटुंबासाठी या ॲपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, आणि नेमक्या त्याच बहुतेक लोक कधी उघडत नाहीत. नकाशाच्या थरांचं बटण दाबलं की उंचीचा थर चालू करता येतो. नकाशा पुरेसा मोठा केला की बहुतेक ठिकाणी दर १० मीटर उंचीला एक रेषा दिसते. आता हिशेब करा. एक पायरी साधारण १६ सेंटिमीटर उंच धरली तर १० मीटर म्हणजे साठेक पायऱ्या. म्हणजे आपली वाट जितक्या रेषा ओलांडते तितके साठ. तीन रेषा म्हणजे एकशे ऐंशी पायऱ्यांइतका चढ. बाळासकट बाबागाडी उचलून तो चढायचा की नाही, हे मुक्कामावर बसून ठरवता येतं.

पायी वाट काढली की ॲप खाली चढ-उताराचा आलेखही दाखवतं. तो उपयोगी आहे, पण त्यावर किती विसंबायचं हे समजून घ्या. ही उंची मुख्यतः २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवरून येते. त्या मोजणीची जाळी साधारण ३० मीटरची आहे, आणि दाट वस्तीत रडारला जमिनीऐवजी छपरं दिसतात. त्यामुळे अख्खी टेकडी बरोबर येते, पण एका बोळातला बारा पायऱ्यांचा जिना आलेखात उमटतच नाही. उलट सपाट गल्लीत नसलेला उंचवटा दिसू शकतो. मोठा चढ आलेखावरून ठरवा, पायऱ्या नकाशातल्या रेघेवरून.

पायऱ्यांची वाट नकाशात नेहमीच्या गल्लीपेक्षा वेगळ्या रेघेने काढलेली असते. ती ओळखायला मुक्कामाजवळचा एखादा जिना, जो डोळ्यांसमोर आहे, तो नकाशात मोठा करून बघा. रेघ एकदा नजरेत बसली की पुढे पटकन सापडते. ॲपने दिलेल्या वाटेवर पायऱ्या आल्या तर तिला सोडून बाजूच्या रस्त्यावर बोट ठेवा आणि तो बिंदू थांबा म्हणून जोडा. वाट वळून तिकडून जाते. एक थांबा पुरला नाही तर दोन जोडा. पायऱ्या किंवा चढ टाळून हवी ती वाट काढायला ही खात्रीची पद्धत आहे.

थोडा विचार दिशेचाही करा. गुडघे दुखणाऱ्याला पायऱ्या चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रास देतं, कारण उतरताना शरीराचा भार वाकलेल्या गुडघ्यावर थोपवून धरावा लागतो. म्हणून फेरी अशी आखा की जिन्याने वर जायचं आणि वळणावळणाच्या उताराने खाली यायचं. बाबागाडी असेल तर दोन्ही वेळा उतारच घ्यावा लागेल. आजी आणि बाबागाडी दोन्ही असतील तर दोन तुकड्या करून वरच्या चौकात भेटणं सगळ्यात कमी त्रासाचं. तो चौक आधीच जतन केलेला असू द्या.

फरशीबाबत मात्र हे ॲप कमी पडतं. मूळ ओपनस्ट्रीटमॅपमध्ये डांबर, घडीव दगड, ओबडधोबड गोटे असे भेद नोंदवता येतात. पण ॲपमध्ये पायी वाट बघताना हे भेद गल्लीगणिक स्पष्ट दिसत नाहीत. गावाच्या सगळ्यात जुन्या भागात गोटे असणार असं धरूनच चाला. लहान चाकांची घडीची बाबागाडी गोट्यांवर चालत नाही. पुढची चाकं फटीत अडकून आडवी होतात आणि गाडी पुढे कलते. चाकांना अडकण असेल तर ती सरळ स्थितीत अडकवा, पुढची चाकं किंचित उचलून मागच्या चाकांवर ढकला, किंवा गाडी उलटी करून ओढत न्या. दिवसभर जुन्या भागातच राहायचं असेल तर गाडी मुक्कामावर ठेवून बाळाला अंगावर बांधायची पिशवी घेणं शहाणपणाचं.

वेळेचा आकडा

ॲप सांगतं ती वेळ निरोगी माणूस न थांबता चालतो त्या हिशेबाची, सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर. चढासाठी गिर्यारोहक १८९२ पासून नेस्मिथचा नियम वापरतात: दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त, म्हणजे १० मीटरला एक मिनिट. दोन्ही मापं मोठ्यांची. चार-पाच वर्षांचं मूल सोबत असेल तर ॲपच्या वेळेची दुप्पट धरा, आणि थांबे त्याहून वेगळे. २.४ किलोमीटरच्या फेरीला ॲप अर्धा तास दाखवेल. तुम्हाला तासभर चालायला आणि पाऊण तास बसायला, पाणी प्यायला, मांजर बघायला लागेल. लहान मुलांसोबत सकाळी अशी एक आणि संध्याकाळी एक, याहून जास्त आखू नका.

फेरी गोल असावी, आणि मुक्काम तिच्या मध्याजवळ असला तर उत्तम. मग कुठूनही परतायचं अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास राहतं. गावाच्या एका टोकाला मुक्काम आणि दुसऱ्या टोकाला शेवटचं ठिकाण, अशी सरळ रेघ आखली की परतीची सगळी वाट दमलेल्या पायांनी काटावी लागते.

सावली नकाशात नसते, पण वाचता येते. दक्षिणोत्तर अरुंद बोळ सकाळी आणि संध्याकाळी सावलीत असतात, कारण ऊन बाजूच्या भिंतींवर अडतं. पूर्व-पश्चिम रस्त्यावर त्याच वेळी ऊन थेट डोळ्यांत येऊ शकतं. बाबागाडीतल्या बाळाला हा फरक मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतो. सकाळी गावात जाताना तोंड पश्चिमेकडे राहील अशी फेरी आखता आली तर जरूर आखा.

खुणांच्या याद्या

जतन केलेल्या जागांच्या वेगवेगळ्या याद्या करता येतात आणि खुणांना रंग देता येतात. तीन याद्या पुरतात. लाल: स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, औषधाचं दुकान, दवाखाना. हिरवी: बाक, बाग, मुलांची खेळायची जागा. पिवळी: बघायची ठिकाणं. शोधाच्या पानावर स्वच्छतागृह, औषधं असे तयार प्रकार दिलेले असतात. त्यावर दाबलं की आसपासचे सगळे बिंदू नकाशावर येतात, मग हवे ते जतन करायचे. पिवळ्या दोन खुणांच्या मध्ये एक तरी हिरवी आणि दर एक किलोमीटरला एक लाल खूण येते का, एवढं बघा. येत नसेल तर त्या टप्प्याआधी सगळ्यांना एकदा जाऊन यायला सांगा.

यादी फाइल म्हणून पाठवता येते, केएमझेड किंवा जीपीएक्स रूपात. दुसऱ्या फोनवर हेच ॲप असेल तर फाइल उघडली की सगळ्या खुणा रंगांसकट तिथे येतात. नेट नसलं तरी ब्लूटूथने हे होतं. प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनवर तोच प्रदेश आणि तीच यादी असावी. नाहीतर नकाशावाला एकटा मुलाला घेऊन पुढे जातो आणि मागच्यांना मुक्काम कुठे हेच सापडत नाही. चालत्या माणसाचं स्थान दुसऱ्याला सतत दाखवण्याची सोय या ॲपमध्ये नाही. म्हणून चुकामूक झाली तर कोणत्या हिरव्या खुणेवर थांबायचं, ते निघतानाच ठरवा आणि मोठ्या मुलाला ती जागा प्रत्यक्ष दाखवा.

चाललेल्या वाटेची नोंद करण्याची सोयही आहे. नोंद सुरू केली की मागे रेघ उमटत जाते, आणि अनोळखी बोळांतून परतायला तिच्याइतका भरवशाचा धागा नाही. काही फोनची बॅटरी वाचवण्याची व्यवस्था स्क्रीन बंद झाल्यावर ॲपला झोपवते. मग रेघेत मध्येच घरांवरून जाणारी सरळ उडी दिसते. फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपपुरती ती बंधनं काढून टाका आणि पाच मिनिटं चालून तपासा.

जिथे विश्वास ठेवू नये

सर्वांत गंभीर दोष रस्त्याच्या कडेचा आहे. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला पदपथ आहे की नाही ही नोंद कित्येकदा झालेली नसते. ॲप अशा रस्त्यावरून पायी वाट बेलाशक काढतं, कारण तिथे चालायला बंदी नसते. मोठ्या माणसाला ते जमून जातं. बाबागाडी आणि हात सोडून पळणारं मूल घेऊन, शेजारून गाड्या जात असताना, तीनशे मीटरही चालू नये. वाट काढल्यावर ती गावाबाहेर पडून जाड, रंगीत रस्त्याला लागते का, हे मुद्दाम बघा. लागत असेल तर थांबे जोडून आतल्या बारीक रस्त्यांवर आणा, नाहीतर तो टप्पा वाहनाने करा.

दुसरा दोष खासगी वाटांचा. अंगणातून जाणारी वाट नोंदताना कुणी ‘खासगी’ लिहिलं नसेल तर ॲप तुम्हाला एखाद्याच्या दारातून नेतं. फाटक, कपडे वाळत घातलेले, अंगणात खुर्च्या दिसल्या की मागे फिरा. नकाशात रेघ आहे म्हणून जायचा हक्क मिळत नाही.

उघडण्या-मिटण्याच्या वेळा फक्त अंदाज म्हणून घ्या. लहान गावात दुपारी बंद, आठवड्यातून एक दिवस बंद, हंगामात वेगळं, असं फार असतं आणि नकाशातली नोंद कुणी दोन वर्षांपूर्वी केलेली असू शकते. ज्या एका ठिकाणासाठी अख्खं कुटुंब चढ चढून जाणार आहे, तिथे आधी फोन करून विचारा. तसंच लोकांचे शेरे, खाण्याच्या जागांचे फोटो, बसची चालू वेळ, आज बाजारासाठी बंद असलेला रस्ता, यातलं काहीही इथे मिळत नाही. त्यासाठी गूगल मॅप्स जवळ असू द्या. पण तिथे उतरवून ठेवलेल्या नकाशावर ऑफलाइन असताना गाडीची वाट मिळते, पायी वाट मिळत नाही, आणि गल्लीत हाच फरक महत्त्वाचा ठरतो. ‘ओस्मअँड’ हे तिसरं ॲप याच ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं. त्यात फरशीचा प्रकार, रस्त्याचा खडबडीतपणा, असं बरंच काही बघता येतं. ज्याला सेटिंगमध्ये तासभर घालवायची तयारी आहे आणि ज्याच्याकडे चाकाची खुर्ची किंवा जड बाबागाडी आहे, त्याने ते जरूर घ्यावं. मात्र मोफत आवृत्तीत नकाशे उतरवण्याच्या संख्येला मर्यादा आहे, आणि घाईत, एका हाताने, मुलाचा हात धरून वापरायला ते जड जातं. त्या कसोटीवर ऑरगॅनिक मॅप्स सरस ठरतं.

नसलेलं भरण्याची सोय

गावात स्वच्छतागृह आहे आणि नकाशात नाही, असं दिसलं तर ॲपमधूनच ते जोडता येतं. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपचं मोफत खातं लागतं. बदल मूळ नकाशात जातो, आणि पुढचा नकाशा उतरवल्यावर सगळ्यांना दिसतो. लगेच दिसत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा भरू नका. दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या नकाशावरून बघून माहिती घालायची नाही, हा नियम कडक आहे. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं.

पायऱ्या, कठडे, फरशी यांसाठी अँड्रॉइडवरचं ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे वेगळं मोफत ॲप जास्त सोपं आहे. ते जवळच्या जागांबद्दल साधे प्रश्न विचारतं. या जिन्याला पायऱ्या किती? कठडा आहे का? चाकांसाठी उतार आहे का? या बाकाला पाठ आहे का? या स्वच्छतागृहात बाळाचे कपडे बदलायला टेबल आहे का? सहा-सात वर्षांच्या मुलाला जिना मोजायचं काम दिलं की तो न कुरकुरता वर जातो. एकाने चढताना मोजायच्या, दुसऱ्याने उतरताना, आणि दोघांचा आकडा जुळला तरच तो नोंदवायचा. जुळला नाही तर मोठ्याने खालच्या पायरीपासून एकदा मोजावं, कारण पहिली आणि शेवटची पायरी धरायची की नाही यावरच मुलांचा आकडा चुकतो.